चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब

१/ इतिहासप्रेमी मित्रांच्या भिंतींवर एक कथा पुन्हा पुन्हा फिरत असते. सन १८७४, टेक्सासचे माळरान. जवळजवळ मैलभर अंतरावर कड्याच्या माथ्यावर उभे असलेले पंधरा-एक घोडेस्वार. इकडे तेवीस वर्षांचा एक शिकारी, हातात उसनी रायफल. एकच बार. पलीकडे एक स्वार कोसळतो आणि शेकडो योद्ध्यांनी घातलेला वेढा उठतो. एका गोळीने लढाई जिंकली! #थ्रेड

२/ कथेतील तपशील बहुतांशी खरे आहेत. त्यांवर उभारलेला निष्कर्ष मात्र टिकणारा नाही, आणि तो खोडून काढणे हाच या लेखनाचा हेतू आहे. त्यासाठी इतिहासाच्या जोडीला थोडे गणित लागेल. आकडेमोड माझी आहे आणि ती स्थूल आहे. पण पुढील मुद्दा दशांश चिन्हाच्या पुढल्या अंकांवर अवलंबून नाही.

३/ प्रथम प्रसंग. टेक्सासच्या उत्तर टोकाला कॅनेडियन नदीच्या काठी (नदीचे नाव कॅनेडियन, कॅनडाशी तिचा संबंध नाही) अडोबी वॉल्स नावाचा गवे मारणाऱ्या शिकाऱ्यांचा तळ होता. २७ जून १८७४ च्या पहाटे कोमान्ची, शायान आणि कायोवा योद्ध्यांनी त्यावर हल्ला चढवला. आत अठ्ठावीस पुरुष आणि एक स्त्री. बाहेर किती, याचे अंदाज अडीचशेपासून सातशेपर्यंत जातात. हल्ल्याचे नेते क्वाना पार्कर आणि इसा-ताई नावाचा एक कोमान्ची मांत्रिक. आपल्या मंत्रबळाने गोऱ्यांच्या गोळ्या लागणारच नाहीत, अशी ग्वाही इसा-ताईने दिली होती.

४/ हल्ला पहिल्याच दिवशी फसला. जाड मातीच्या भिंतींआड बसलेल्या, दररोज गवे टिपून हात बसलेल्या माणसांपाशी भारी शार्प्स रायफली होत्या. अंतर शे-दोनशे मीटरांचे, कधी त्याहूनही कमी. त्या दिवशी योद्ध्यांची मोठी हानी झाली आणि इसा-ताईची ग्वाही सर्वांच्या डोळ्यांदेखत खोटी ठरली. बिली डिक्सनचा तो प्रख्यात बार सांगितला जातो तिसऱ्या दिवसाचा. म्हणजे लढाईचा निकाल लागून गेल्यानंतरचा.

५/ ‘एका गोळीने वेढा उठला’ या वाक्याचे पहिले अर्धे इथेच गळून पडते. आता दुसरे अर्धे : ‘त्याने मैलभरावरचा स्वार नेमका टिपला.’

६/ बंदुकीची गोळी नाकासमोर सरळ जाते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. चित्रपटांनी ती पक्की केली आहे. वस्तुस्थिती अशी की नळीच्या तोंडातून बाहेर पडल्या क्षणापासून गोळी पडू लागते. हातातून सुटलेला दगड जसा पडतो तशीच. वेगाने पुढे जाणाऱ्या वस्तूला गुरुत्वाकर्षण सवलत देत नाही. म्हणून नळी नेहमी लक्ष्याच्या वर रोखलेली असते, आणि नेमबाजाची नजर लक्ष्यावर असली तरी गोळी आधी चढते आणि मग खाली येते.

७/ हे समजायला युरोपातल्या विद्वानांना शंभर वर्षे लागली. १५३७ मध्ये इटलीच्या तार्ताल्याने तोफगोळ्याचा मार्ग तीन तुकड्यांत दाखवला : आधी सरळ, मग वळण, मग सरळ खाली. १५४६ च्या ग्रंथात त्यानेच लिहिले की मार्गाचा कोणताही भाग पूर्ण सरळ नसतो. १६३८ मध्ये गॅलिलिओने तो मार्ग अन्वस्त असल्याचे सिद्ध केले. पण गॅलिलिओच्या गणितात हवा नव्हती, आणि गोळीच्या आयुष्यात हवा हीच सर्वांत मोठी वैरीण आहे.

८/ ते दाखवले इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने, १७४२ मध्ये. त्याने लाकडाचा जड ठोकळा लोलकासारखा टांगला, त्यावर गोळी झाडली, आणि ठोकळा किती मागे गेला यावरून गोळीचा वेग काढला. ठोकळा जवळ, मग दूर, असे करता करता वाटेत गोळीचा किती वेग खर्ची पडतो हेही कळले. हवेचा रोध गोळीच्या वजनाच्या कित्येक पटींनी अधिक असतो, हे ऐकून तोफखान्यातील जुने जाणते चक्रावले असतील. ऑयलरसारख्या गणितज्ञाने या पुस्तकाचा तीन वर्षांत जर्मन अनुवाद केला, तोही स्वतःच्या विस्तृत भाष्यासह. रॉबिन्सची अखेर मात्र आपल्याकडची : ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून तो आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने वारला. त्याच्यावर कोणी चित्रफिती बनवत नाही.

९/ आता रॉबिन्सचे शास्त्र डिक्सनच्या बाराला लावू. अंतर १५३८ यार्ड, म्हणजे सुमारे १४०६ मीटर. काळ्या दारूच्या काडतुसातून अर्धा इंच व्यासाची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटली असे धरा. हवा तिचा वेग निम्म्यावर आणते. लक्ष्यापर्यंत पोहोचायला तिला जवळजवळ पाच सेकंद लागतात. या पाच सेकंदांत ती नळीच्या रेषेपासून किती खाली येते? सुमारे शंभर मीटर. मुंबईतली तीस मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. डिक्सनची नळी स्वारावर नव्हे, त्या इमारतीच्या गच्चीवर रोखलेली होती.

१०/ इतकी उंची अचूक साधायची तर अंतर अचूक हवे. किती अचूक? शेवटच्या टप्प्यात ती गोळी सपाट नव्हे, सुमारे सहा अंशांच्या उतारावरून खाली येत असते. दर नऊ-साडेनऊ मीटरांमागे एक मीटर खाली. घोडा आणि स्वार मिळून उंची अडीच मीटर धरली, तर जमिनीचा जेमतेम चोवीस मीटरांचा पट्टा असा आहे की ज्यात उभा असलेला स्वार त्या गोळीच्या मार्गात येतो. पट्ट्याच्या अलीकडे असला तर गोळी डोक्यावरून जाते. पलीकडे असला तर त्याच्यापुढे मातीत घुसते.

११/ चोवीस मीटर. आणि अंतर मोजायला डिक्सनपाशी काय होते? डोळे. उन्हाळ्याच्या माळावर चौदाशे मीटरांचा अंदाज सराईत शिकाऱ्याच्या डोळ्यांनीही शेकडा दहाने इकडेतिकडे होतो. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दोनशे ऐंशी मीटरांची अनिश्चिती, आणि तिच्यात चोवीस मीटरांचा यशाचा पट्टा. बाकी सारे निर्दोष मानले, तरी दहा-बारा बारांत एखादा लागावा. त्यात वारा धरलेलाच नाही. सेकंदाला तीन मीटर वेगाचा आडवा वारा, म्हणजे धोतराचा सोगा हलवणारी झुळूक, त्या गोळीला चार मीटर बाजूला नेते.

१२/ समोर एकटा स्वार नव्हता, घोळका होता, हेही ध्यानात घ्या. घोळक्यावर झाडलेली गोळी कोणाला तरी लागली, तर ज्याला लागली तोच नेम होता असे म्हणण्याची मोकळीक मागाहून मिळते. मराठीत याला नाव आहे : काकतालीय न्याय. बसायला कावळा आणि मोडायला फांदी.

१३/ मी डिक्सनची निंदा करतो आहे असे कोणास वाटेल. मुळीच नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १९१४ मध्ये, त्याच्या पत्नीने त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात तो स्वतःच या बाराला नशिबाचा बार म्हणतो. ज्याने घोडा ओढला तो म्हणतो नशीब. आणि दीडशे वर्षांनी मोबाइलवर बोटे फिरवणारे म्हणतात अलौकिक दृष्टी! साक्षीदार स्वतःच्या विरुद्ध साक्ष देत असेल तर ती अधिक विश्वासार्ह मानावी, हा इतिहासलेखनाचा जुना नियम आहे. आपण तो सोयीने विसरतो.

१४/ आणि तो आकडा! १५३८. पंधराशे नव्हे, पंधराशे चाळीस नव्हे. नंतर आलेल्या सैन्याच्या मोजणीदारांनी तो मोजला असे सांगतात. मोजणीची साखळी अचूक असेल; पण तिचे दुसरे टोक कुठे ठेवले? स्वार नेमका कुठे उभा होता हे कशावरून ठरले? पाहणाऱ्यांच्या आठवणीवरून. आठवणीने ठरवलेल्या ठिकाणापर्यंत यार्डाच्या अचूकतेने मोजणे म्हणजे भविष्य सेकंदकाटा पाहून सांगण्यासारखे आहे. आकड्यात अंक अधिक म्हणून पुरावा अधिक, असे होत नाही.

१५/ “मग त्या काळी लांब पल्ल्याची अचूक नेमबाजी नव्हतीच का?” होती. आणि ती त्याच वर्षी, त्याच देशात, काही प्रमाणात त्याच कंपनीच्या रायफलींनी सिद्ध झाली. २६ सप्टेंबर १८७४, न्यूयॉर्कजवळचे क्रीडमूर मैदान. आयर्लंड विरुद्ध अमेरिका. प्रत्येकी सहा नेमबाज. ८००, ९०० आणि १००० यार्ड. प्रत्येक अंतरावर प्रत्येकाचे पंधरा बार. आयरिश संघाकडे तोंडाने भरायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स.

१६/ अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. फरक तीन गुणांचा. आयर्लंडच्या एका नेमबाजाची गोळी लक्ष्याच्या अगदी मध्यात बसली होती. दुर्दैव इतकेच की ते लक्ष्य शेजारच्याचे होते. गुण शून्य. मध्याला गुण मिळत चार. म्हणजे त्या एका चुकलेल्या बाराने निकाल फिरवला, आणि तो चुकलेला बार आजही नोंदीत आहे.

१७/ मित्रहो, मला जे म्हणायचे आहे ते इथे आहे. क्रीडमूरला अंतर आधीच मोजलेले होते, वारा दाखवणारी निशाणे होती, आणि दोन्ही संघांच्या २७०-२७० बारांपैकी प्रत्येकाचा जाब द्यावा लागत होता. म्हणून तेथील गुणांवरून रायफल आणि माणूस या दोहोंची पारख करता येते. अडोबी वॉल्सला त्या तीन दिवसांत त्या कड्याच्या दिशेने किती गोळ्या झाडल्या गेल्या आणि किती धूळ उडवून गप्प झाल्या? नोंद नाही. ज्या अपूर्णांकाचा छेदच हरवला आहे त्याची किंमत काय काढणार?

१८/ ब्रिटिश सैन्याला हे पक्के ठाऊक होते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या कडेला एक जादा माशी बसवलेली असे, तिच्यावर २८०० यार्डांपर्यंतच्या खुणा असत. आज तो आकडा पाहून पोरे डोळे विस्फारतात. पण ती माशी एका माणसाने एक माणूस टिपण्यासाठी नव्हती. संपूर्ण तुकडीने एकदम बार काढायचे आणि दूरच्या एखाद्या खिंडीवर, वाटेवर गोळ्यांचा पाऊस पाडायचा, बहुतेक वाया जाणार हे धरूनच. मशिनगन आली, आणि युद्ध चालू असतानाच ती माशी काढून टाकण्यात आली. दरबारी कविता न लिहिता अंतराची मर्यादा मान्य करण्याची ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते.

१९/ “हे जुने झाले. आता लेझर आहे, संगणक आहे.” बरोबर. म्हणून आजचेच उदाहरण घेऊ. २०१७, इराकमधील मोसूलची लढाई. कॅनडाच्या विशेष दलातील एका नेमबाजाचा बार ३५४० मीटरांवर लागला. अंतराला कॅनडाच्या सैन्याने दुजोरा दिला. गोळीला पोहोचायला जवळजवळ दहा सेकंद लागले. माझ्या हिशेबाने तिची नळीच्या रेषेपासूनची घसरण सुमारे तीनशे मीटर. आयफेल मनोऱ्यापेक्षा थोडी कमी.

२०/ शेवटी ती सुमारे बारा अंशांच्या उतारावरून खाली येते. उभ्या माणसासाठी यशाचा पट्टा उरतो आठ मीटरांचा. लेझरने अंतर मिळेल, मान्य. पण एकाच पेटीतील दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला तीन मीटरांचा फरक पडला, म्हणजे हजारात चार, तरी या अंतरावर गोळी दोन मीटर वर-खाली जाते. माणसाच्या उंचीहून अधिक. आडवा वारा सेकंदाला एक मीटर चुकीचा वाचला तर पाच मीटर बाजूला. आणि साडेतीन किलोमीटरांच्या वाटेत वारा एकच थोडाच असतो? दरीत एक, गच्चीवर दुसरा. शिवाय दहा सेकंदांत समोरचा माणूस दोन पावले चालला तर सारे गणित सुपात.

२१/ याचा अर्थ तो बार लागला नाही असे नव्हे. याचा अर्थ इतकाच की कोणताही नेमबाज, कोणतीही रायफल, त्या अंतरावर पहिल्याच गोळीची हमी देऊ शकत नाही. हे नेमबाज स्वतः लपवत नाहीत. २००९ मध्ये हेल्मंदमध्ये २४७५ मीटरांवर बार लावणाऱ्या ब्रिटिश सैनिकाने अंतर बसवायला सुमारे नऊ गोळ्या लागल्याचे सांगितले. २००२ मध्ये अफगाणिस्तानात २४३० मीटरांवर कॅनडाच्या सैनिकाची पहिली गोळी चुकली, दुसरी पाठीवरच्या पिशवीत गेली, तिसरी लागली. या वाक्यांतील पहिला अर्धा भाग चित्रफितीत कधी येतो का? तेथे असते फक्त शेवटची गोळी, संथ गतीत.

२२/ याहून स्वच्छ उदाहरण युद्धाबाहेरचे आहे. सप्टेंबर २०२२, अमेरिकेतील वायोमिंग. काही हौशी नेमबाजांनी ४.४ मैलांवरचे, म्हणजे सात किलोमीटरांहून थोडे अधिक दूरचे लक्ष्य गाठले. गोळी चोवीस सेकंदांहून अधिक काळ हवेत होती. कितवी गोळी? एकोणसत्तरावी. हा आकडा त्यांनी स्वतःच जाहीर केला. अडुसष्ट चुकांसकट सांगितलेली ती गोष्ट मला सगळ्या ‘एक बार, एक बळी’ कथांपेक्षा भव्य वाटते. प्रत्येक चुकलेल्या गोळीने धूळ उडवली, शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाने ती पाहिली, आकडा बदलला, पुन्हा बार. लांब पल्ल्याचे कौशल्य हेच : चुकीवरून दुरुस्ती. ते एका माणसाचे नसते, आणि एका गोळीचे तर मुळीच नसते.

२३/ कोणी म्हणेल, “तरुणांना इतिहासाची गोडी लागावी म्हणून थोडी अतिशयोक्ती चालते.” मला हा युक्तिवाद अपमानकारक वाटतो, तरुणांसाठी. सतरा वर्षांच्या मुलाला धोक्याचा पट्टा समजतो. त्याला क्रिकेटमधील सरासरी समजते. एका षटकारावरून फलंदाज ठरत नाही, बाद किती झाला हेही पाहावे लागते, हे तो आपल्याला शिकवेल. मग बंदुकीच्या बाबतीत त्याने डोळे मिटावेत अशी अपेक्षा का?

२४/ आणखी एक गोष्ट बोचते. विक्रमांच्या या याद्यांत अंतर असते, रायफलीचे नाव असते, काडतुसाची मापे मिलिमीटरच्या भागांत असतात. पलीकडच्या टोकाला असलेला माणूस मात्र केवळ ‘लक्ष्य’. लांब उडीच्या तक्त्यासारखी माणसे मारल्याची यादी लावायची आणि तिला लष्करी इतिहास म्हणायचे, हे मला जमत नाही. अडोबी वॉल्सच्या त्या स्वाराला खरोखर काय झाले, तो मेला की घायाळ झाला, याबद्दलही दोन्ही बाजूंच्या कथनांत एकवाक्यता नाही. विक्रमाला त्याची गरजच पडली नाही.

२५/ आणि तो स्वार तेथे का होता, हे तर कथेत येतच नाही. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारान्वये आर्कान्सास नदीच्या दक्षिणेला गव्यांच्या शिकारीचा हक्क या जमातींचा होता. १८७४ पर्यंत उत्तरेकडचे कळप संपवून गोरे शिकारी कातड्यांसाठी दक्षिणेत उतरले. ज्या भारी शार्प्स रायफलीचे आपण गोडवे गातो ती या कामासाठीच घेतलेली होती. गवा हे त्या लोकांचे अन्न, तंबू, वस्त्र, सारे काही. हल्ला त्या तळावर झाला तो उगीच नाही.

२६/ वेढा उठला म्हणून युद्ध संपले, असेही नाही. अडोबी वॉल्सनंतरच तर ते पेटले. ‘रेड रिव्हर युद्ध’ म्हणून ते ओळखले जाते. डिक्सनला सर्वोच्च लष्करी पदक मिळाले तेही या बारासाठी नव्हे, सप्टेंबरमधील बफेलो वॉलो येथील चकमकीसाठी, जेथे मूठभर माणसे एका खळग्यात दिवसभर अडकून पडली होती. तेथे कोणतेही अंतर विक्रमी नव्हते.

२७/ क्रीडमूरच्या सामन्यानंतर दोन दिवसांनी, २८ सप्टेंबर १८७४ रोजी, कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळाने पालो ड्यूरो दरीत या जमातींच्या छावण्यांवर छापा घातला. माणसे फारशी मारली गेली नाहीत. तंबू आणि हिवाळ्याचा साठा जाळण्यात आला, आणि पकडलेल्या घोड्यांपैकी हजाराहून अधिक घोडे गोळ्या घालून मारण्यात आले. घोडे गेले, गवे संपत आले, हिवाळा तोंडावर आला. जून १८७५ मध्ये क्वाना पार्कर आपल्या लोकांसह फोर्ट सिल येथे शरण आला. पालो ड्यूरोनंतरचे ते हजार बार अगदी जवळून झाडलेले होते. त्यांचे अंतर कोणी मोजले नाही.